छातीत दुखत नाही, तर हृदयाची कोणती तपासणी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टची नोकरी. वडिलांना ५३व्या वर्षी अटॅक आला, बायपास झाली, आज ते ७४ वर्षांचे आहेत. स्वतःला कसलाही त्रास नाही. बीपी १३८/८८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. सिगारेट तीन वर्षांपूर्वी सोडली. गेल्या महिन्यात लाइनवरचा एक सहकारी ४१व्या वर्षी गेला, आणि तेव्हापासून घरून लकडा लागला आहे की 'संपूर्ण हृदय तपासणी'चं पॅकेज करून टाका. त्यात ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट आहे; वर थोडे पैसे भरले तर सीटी अँजिओग्राफीही (डाय देऊन काढलेला हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन). करावं का? आणि सगळं नॉर्मल आलं तर निर्धास्त व्हावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. ईसीजी, इको आणि स्ट्रेस टेस्ट तिन्ही नॉर्मल आल्या तरी निर्धास्त होऊ नका. त्यांतली एकही तपासणी तुमच्या धमनीच्या भिंतीकडे बघतच नाही.

खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या डोळ्यांपुढे चित्र असतं ते नळाचं. आत क्षार धरत जातात, भोक बारीक होत जातं, एक दिवस पाणी बंद. बोअरचं पाणी वापरणाऱ्या कुणालाही हे लगेच पटतं. पण धमनी ही जिवंत नळी आहे. चरबीचा थर तिच्या पोकळीत नाही, भिंतीच्या आत साचतो, आणि भिंत बाहेरच्या अंगाला फुगून त्याला जागा करून देते. शिकागोच्या सीमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली शवविच्छेदनातली हृदयं तपासून हे दाखवलं. थरानं साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट जवळजवळ होती तेवढीच राहते. म्हणजे रोग वर्षानुवर्षं भिंतीत मुरत असतो आणि प्रवाहाला त्याचा पत्ताही नसतो. मग एखाद्या दिवशी थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो, पिकलेलं गळू फुटावं तसा. आतला ऐवज रक्ताला लागला की काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. परवा सिंहगड चढून आलेला माणूस आज सकाळी अंघोळीला जाताना कोसळतो, तो असा. त्याच्या धमनीत परवा ९० टक्के ब्लॉकेज असण्याची गरजच नव्हती.

तेव्हा तपासण्यांची मनातल्या मनात दोन गटांत वाटणी करा: प्रवाह बघणाऱ्या आणि भिंत बघणाऱ्या. कुठलाही अहवाल हातात आला की आधी विचारा, या यंत्रानं माझ्याकडे कुठल्या बाजूनं पाहिलं?

अमेरिकेतले टीव्ही पत्रकार टिम रसर्ट यांचं उदाहरण आम्ही डॉक्टर अजून एकमेकांना देतो. २९ एप्रिल २००८ ला त्यांनी स्ट्रेस टेस्ट व्यवस्थित पार केली. १३ जूनला ऑफिसात कामावर असतानाच, ५८व्या वर्षी, ते गेले. हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीतला थर फाटला होता. टेस्ट करणाऱ्याची चूक नव्हती. टेस्टनं प्रवाहाबद्दल विचारलं, प्रवाहानं उत्तर दिलं. दहा वर्षं आधी, १९९८ साली, त्यांच्या भिंतीची तपासणीही झाली होती. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे भिंतीतल्या थरांत धरलेल्या चुन्याचा आकडा, २१० आला होता. म्हणजे धोका माहीत होता, औषधंही चालू होती, तरी हे घडलं. म्हणून भिंत बघणारी तपासणी केली म्हणजे कवचकुंडलं मिळाली, असंही समजू नका.

आता पॅकेजमधली एकेक वस्तू घेऊ.

ईसीजी स्वस्त आहे, पाच मिनिटांचा आहे. होऊन गेलेला अटॅक, ठोक्यांतली गडबड, बीपीमुळे जाड झालेलं हृदय अशा गोष्टी त्यात सापडू शकतात. आडवं पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आहे म्हणून ब्लॉकेज नाही, असं मात्र अजिबात नाही. तरीही एकदा काढा आणि फाइलला लावून ठेवा. उद्या खरंच छातीत दुखलं आणि रात्री दोन वाजता एखाद्या तरुण डॉक्टरसमोर बसायची वेळ आली, तर तुलनेसाठी जुनी पट्टी हाताशी असणं लाखमोलाचं ठरतं. मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी हा एकाच कोनातून काढलेला असतो. ठोके अनियमित आहेत का हे त्यात बऱ्यापैकी कळतं, ब्लॉकेज कळत नाही.

टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंप कसा चालतो, झडपा नीट उघडतात का, हे दिसतं. ब्लॉकेज शोधण्याइतक्या धमन्या दिसत नाहीत. इथे एक गैरसमज मी आठवड्यातून दोनदा तरी निस्तरतो. अहवालात 'ईएफ ६० टक्के' वाचून लोक हादरतात: "डॉक्टर, हृदय साठच टक्के चालतंय!" काही जणांना ते साठ टक्के ब्लॉकेज वाटतं. अहो, कुठलंच हृदय एका ठोक्यात पूर्ण रिकामं होत नसतं. भरलेल्या रक्तातलं ५५ ते ७० टक्के पुढे ढकललं की पंप ठणठणीत. धाप नाही, पायाला सूज नाही, तपासताना हृदयात वेगळा आवाज नाही, बीपी फार जुनं नाही, तर तुमच्या वयाला इको करून हाती फारसं काही लागत नाही.

स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, हा या सगळ्याचा कळीचा भाग आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो.

छातीवरचे केस जागोजागी भादरून दहा चकत्या चिकटवतात आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावतात. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेला हा क्रम: सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, तिसऱ्या टप्प्यात ताशी ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के चढ. तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. २२० वजा वय हा ठोक्यांचा अंदाजे कमाल आकडा, तुमचा १७६. त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १५० पर्यंत ठोके नेणं अपेक्षित असतं. धमनी बरीच अरुंद असेल, ढोबळमानानं ७० टक्क्यांच्या पुढे, तर या श्रमात स्नायूला रक्त कमी पडतं आणि पट्टीवरची एक रेघ खाली सरकते.

आता हिशेब बघा. तुमच्यासारखे, काहीच त्रास नसलेले १०० पुरुष घेऊ. त्यांतल्या ५ जणांना खरोखर मोठा अडथळा आहे असं धरून चालू. ही टेस्ट खऱ्या रोग्यांपैकी साधारण ७० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी साधारण ७७ टक्क्यांना निरोगी म्हणते. म्हणजे त्या ५ पैकी ३-४ सापडले. उरलेल्या ९५ निरोग्यांचं काय? त्यांतल्या २२ जणांच्या कागदावरही 'पॉझिटिव्ह' उमटतं. एकूण २५ जण घाबरून घरी गेले, त्यांतले खरे रोगी ३-४. आणि ज्यांचा थर अजून भिंतीतच आहे, ज्यांना लवकर गाठायचं म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, ते 'निगेटिव्ह' कागद घेऊन पेढे वाटायला मोकळे.

मागे एक शिक्षिका आल्या होत्या, वय ४१. कुठल्याशा शिबिरात टीएमटी 'माइल्डली पॉझिटिव्ह' आली होती. बायकांमध्ये ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं, हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं. बाई दहा रात्री झोपल्या नव्हत्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायची तयारी झाली होती. पुढे सीटी अँजिओ केली, धमन्या स्वच्छ निघाल्या. त्यांना मुळात छातीत दुखतच नव्हतं. मग टेस्ट कशाला केली? पॅकेजमध्ये होती म्हणून.

टीएमटी वाईट आहे असं नाही. जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की कमी होतं, अशा माणसाला ती उपयोगी पडते. त्या अहवालात मी आधी रेघ बघत नाही, किती मिनिटं चाललात ते बघतो. नऊ मिनिटं, म्हणजे तिसरा टप्पा पुरा करणारा माणूस साधारण १० मेट (शांत बसताना लागते त्याच्या दहापट शक्ती) इतके श्रम पेलतो, आणि त्याची पुढची वाटचाल सहसा बरी असते. पण एवढं कळायला चकत्या कशाला चिकटवायच्या? ते तुम्हाला ऑफिसच्या जिन्यावरही कळतं.

आता तुमच्या बाबतीत मी काय करीन. यंत्राच्या खोलीत शिरायच्या आधी टेबलावर बसून हिशेब करीन. हाही तपासणीचाच भाग आहे, आणि यात सुई लागली तर फक्त रक्त काढण्यापुरती. २००४ साली इंटरहार्ट हा ५२ देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग नऊ साध्या गोष्टींनी उलगडतो, हा त्याचा निष्कर्ष: तंबाखू, चरबीचं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, दारू, व्यायाम. याच अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या जगात ते ५८-५९ होतं. तुमच्या वडिलांचं वय आठवा.

घराण्याचा इतिहास विचारताना नेमकं वय विचारावं लागतं. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, तर तो धोका मोजायचा. ८० व्या वर्षी अटॅकनं गेलेले आजोबा या हिशेबात येत नाहीत. तुमचे वडील येतात. तंबाखूबद्दल विचारतानाही शब्द जपून वापरावा लागतो. 'स्मोकिंग करता का?' म्हटलं की ठाम 'नाही' येतं, आणि खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते. मशेरी लावणाऱ्या बाईंना तर ती तंबाखू आहे असं वाटतच नाही. पोटाचा घेर टेप लावून मोजा, पँटच्या नंबरावर जाऊ नका. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. बायकांना मी आणखी एक विचारतो: बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? त्याचा पुढच्या हृदयरोगाशी संबंध आहे, आणि ते आपणहून कुणीच सांगत नाही. पापण्यांवर पिवळट चट्टे आहेत का, चाळिशीच्या आसपास बुबुळाभोवती पांढरी कड आहे का, हे उजेडात नुसतं बघून कळतं. एलडीएल १९० च्या वर असेल तर पुढच्या तपासण्यांचा घोळ न घालता औषध सुरू करायचं आणि मुलांचंही कोलेस्टेरॉल बघायचं, कारण तो बहुधा वारसा असतो.

रक्तात एक तपासणी मी तुम्हाला आवर्जून सांगीन: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे लॅबच्या भाषेत 'एलपी लिटल ए'. हा आकडा जन्मजात ठरलेला असतो. पथ्यानं किंवा चालण्यानं जवळजवळ हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा केली तरी पुरते. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो आणि बाकीच्या आकड्यांकडे कडक नजरेनं बघावं लागतं. वडिलांना कमी वयात अटॅक आलेल्या माणसानं ही तपासणी पॅकेजमधल्या इकोच्या आधी करावी.

धोक्याचे तक्ते बहुतेक गोऱ्या लोकांवरून बनलेले आहेत आणि आपला धोका कमी दाखवतात. ब्रिटनमध्ये वापरतात त्या क्यूरिस्क गणितात वंश विचारताना 'इंडियन' असा वेगळा पर्याय आहे. लंडन-लेस्टरला कुणी नातेवाईक असतील तर तिथे ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी सरकारी तपासणीचं बोलावणं येतं, आणि तिथला डॉक्टर हेच गणित मांडतो. आधी यंत्र नाही, आधी गणित.

तुमचं गणित मांडलं तर धोका ना धड कमी, ना धड जास्त असा मध्येच लटकतो. बीपी सीमेवर, साखर सीमेवर, एलडीएल थोडं वर, सिगारेट सुटलेली पण होती, आणि वडील. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आयुष्यभर सुरू करायची की नाही यावर दोन शहाण्या डॉक्टरांचं एकमत होणार नाही. अशा लटकलेल्या माणसासाठीच भिंत बघणारी तपासणी कामाची ठरते.

ती म्हणजे कॅल्शियम स्कोअर. साधा सीटी स्कॅन, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून घेतलेला. इंजेक्शन नाही, डाय नाही, उपाशी राहायला नको, काही सेकंद श्वास रोखला की झालं. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसीव्हर्ट. पृथ्वीवर नुसतं राहिल्यानं वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. जुन्या थरांत चुना धरतो, आणि तो पडद्यावर पांढऱ्या कण्यांसारखा चमकतो. मोजण्याची रीत आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. १३० हाउन्सफील्ड (सीटीवरचं दाटपणाचं एकक) किंवा त्याहून दाट ठिपका घ्यायचा, त्याचं क्षेत्रफळ मोजायचं आणि दाटपणानुसार १ ते ४ नं गुणायचं. समजा ६ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि दाटपणा ३२०. त्याला गुणक ३, म्हणजे १८. अशा सगळ्या कापांतल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर.

"मग दूध बंद करू का?" हा पुढचा हमखास प्रश्न. नाही. हा चुना म्हणजे जखमेवर धरलेल्या खपलीसारखा आहे, ताटातल्या दुधा-दह्यातून तिथे जाऊन बसलेला नाही.

आकडा वयाच्या संदर्भात वाचायचा. सत्तरीतल्या माणसाला ३० म्हणजे फार काही नाही. तुम्हाला ४४व्या वर्षी ३० आला तर मी खुर्चीत सरसावून बसेन. तुलनेचे तक्ते अमेरिकेतल्या मेसा अभ्यासातले आहेत. त्यात ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक होते: गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी. आपण नव्हतो. ती उणीव भरून काढायला सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या दक्षिण आशियाई लोकांवर २०१० पासून वेगळा अभ्यास सुरू झाला. त्याचं नाव मुद्दाम 'मसाला' ठेवलं आहे. त्यात आपल्या पुरुषांच्या धमन्यांतला कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या बरोबरीनं निघाला. शाकाहारी आहोत, बारीक आहोत, म्हणून वाचलो, असं नाही.

स्कोअर १०० च्या वर आला तर स्टॅटिनबद्दल वाद संपला. १ ते ९९ मध्ये आला तरी तुमच्या वयाला मी औषधाच्या बाजूनं झुकेन. शून्य आला तर चांगलंच आहे, पण हुरळून जाऊ नका. चुना धरायला वर्षं लागतात. चाळिशीतल्या माणसाच्या थरात, विशेषतः तो सिगारेट ओढणारा, मधुमेही किंवा घराण्यात रोग असलेला असेल तर, मऊ चरबी असूनही चुना नसू शकतो. शून्याचा अर्थ 'पुढची काही वर्षं धोका कमी', 'रोग नाही' असा नव्हे. पाचेक वर्षांनी पुन्हा बघता येतं. स्टॅटिन सुरू केल्यावर मात्र दर वर्षी स्कोअर काढत बसू नका: स्टॅटिननं मऊ थर कडक होतो, स्कोअर वाढतो, आणि माणूस औषध लागू पडत असताना घाबरून तेच बंद करतो. असे दोघेतिघे माझ्याकडे येऊन गेले आहेत.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा मधला भागही येतो. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डाग कितीतरी जणांच्या छातीत असतात, स्वतःला पत्ताही नसतो. हृदय बघायला गेलेला माणूस 'फुप्फुसात ठिपका' असं वाचून परत येतो आणि सहा महिने त्याच्या मागे घालवतो.

सीटी अँजिओग्राफी ही याच्या पुढची पायरी. मऊ थरही दिसतो, किती टक्के अरुंद झालंय तेही दिसतं. पण इथे शिरेतून ६०-८० मिली डाय जातो. अंगभर गरम लाट येते आणि क्षणभर लघवी झाल्यासारखं वाटतं. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं, ठोके साठच्या आसपास आणायला गोळी, धमन्या फुलायला जिभेखाली औषध, आणि किरणोत्सर्ग कॅल्शियम स्कोअरच्या काही पट. छातीत दुखणाऱ्यांसाठी ही उत्तम तपासणी आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, सीटी केलेल्या गटात पाच वर्षांत अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यू २.३ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ३.९. हा फायदा जास्त स्टेंट टाकल्यामुळे झाला नाही. थर डोळ्यांनी दिसल्यावर डॉक्टरांनी औषधं लिहिली आणि लोकांनी ती घेतली, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. पण ते सगळे त्रास असलेले लोक होते. काहीच त्रास नसलेल्या माणसानं 'ऑफर आहे' म्हणून ही करू नये. कागदावर '४० टक्के ब्लॉकेज' उमटलं की घरात बसणं मुश्किल होतं, आणि चार जण स्टेंटचा सल्ला देतात. २०२० साली इस्केमिया नावाचा ५,१७९ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थिर रोगात औषधांसोबत स्टेंट किंवा बायपास करूनही मृत्यू आणि अटॅक मिळून काही लक्षणीय कमी झाले नाहीत. तेही मोठा दोष दिसलेल्या रुग्णांत. तुमच्या ४० टक्क्यांची तर बातच सोडा.

मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी, म्हणजे कॅरोटिड डॉपलर, बऱ्याच पॅकेजमध्ये घालतात. भिंतीची जाडी मोजून धोका सांगणं आता मागे पडलं आहे, कारण मोजणाऱ्याचा हात बदलला की आकडा बदलतो. तिथे ठळक थर दिसला तर मात्र दुर्लक्ष करू नये.

पायांकडे कुणीच बघत नाही, म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय ६६, बिडीचं जुनं व्यसन. दोनशे पावलं चाललं की डाव्या पोटरीत गोळा यायचा. दोन वर्षं कमरेला पट्टा, ट्रॅक्शन, वाताचं तेल, सगळं झालं. मी एवढंच विचारलं: "दुखायला लागल्यावर काय करता?" म्हणाले, "उभा राहतो. पानपट्टीवर दोन मिनिटं नुसता उभा राहिलो की जातं." मणक्यामुळे दुखत असेल तर नुसतं उभं राहून सहसा थांबत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. उभं राहून थांबतं ते बहुतेक रक्त कमी पडल्याचं. त्यांना दहा मिनिटं आडवं पडू दिलं. घोट्याच्या वर बीपीचा पट्टा बांधला, घोट्याच्या आतल्या हाडामागे थोडी जेल लावून पेनाएवढा डॉपलर टेकवला. पट्टा फुगवला की आवाज बंद, हवा सोडत आणली की एका आकड्याला पुन्हा हुश्श... हुश्श... सुरू होतं. दंडात १५० होतं. उजव्या घोट्यात १४१, डाव्यात ९८. घोटा भागिले दंड: उजवीकडे ०.९४, डावीकडे ०.६५. ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाची धमनी अरुंद आहे. आणि पायात आहे म्हणजे हृदयात आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही असण्याची दाट शक्यता. ना किरण, ना सुई, वीस मिनिटांचं काम. जुन्या मधुमेह्यांत भिंती इतक्या कडक होतात की पट्ट्यानं दबतच नाहीत, आकडा १.४ च्या वर जातो. तेव्हा तो नॉर्मल समजू नये, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा.

याउलट हातात धातूची कांडी धरायला देऊन एका मिनिटात हृदय, यकृत, किडनी सगळ्यांचा रंगीत अहवाल छापून देणारी यंत्रं मंगल कार्यालयातल्या शिबिरांत दिसतात. त्यावर शाईसुद्धा खर्च करू नका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांहून जास्त पुरुषांवर याचीच परीक्षा घेतली गेली. काहींना बोलावून सीटीवर कॅल्शियम, घोट्याचा दाब, रक्त असं सगळं तपासलं, बाकीच्यांना नाही. २०२२ साली निकाल आला. पाच वर्षांच्या पुढे मागोवा घेतला तेव्हा मृत्यू १२.६ टक्के विरुद्ध १३.१ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. वयानं ते तुमच्यापेक्षा बरेच मोठे, बोलावलेल्यांपैकी सगळे आलेही नव्हते, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा तुम्हाला लावता येत नाही. पण सरसकट सगळ्यांना यंत्राखालून काढा म्हणणाऱ्याला मी हा आकडा दाखवतो.

तर तुम्ही असं करा. पॅकेजचे पैसे भरू नका. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, बीपी लिहून काढा. १३८ हा दवाखान्यातला आकडा आहे, घरचा वेगळा निघू शकतो. लायपोप्रोटीन-ए एकदा करा, एक ईसीजी काढून ठेवा. त्यानंतर कॅल्शियम स्कोअर, तोही आधी स्वतःशी ठरवून, की आकडा वर आला तर गोळी घेणार. 'काहीही आलं तरी मी स्टॅटिन घेणार नाही' असा निश्चय असेल तर स्कॅन करू नका, पैसे वाचवा. इको, टीएमटी, सीटी अँजिओ सध्या नको.

मधल्या काळात जिना चढताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, पूर्वी नव्हती अशी धाप असं काही जाणवलं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि दाखवायला या. मग टीएमटी किंवा सीटी अँजिओचा विचार वेगळा. बसल्या जागी छाती दुखून घाम फुटला तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. तिथे स्कोअर काढत नाहीत, दहा मिनिटांत ईसीजी आणि मग ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी.

आणि एक राहिलंच. तुमच्या लिहिण्यात वडिलांचं वय ७४ आहे, पण ते बिडी-सिगारेट ओढायचे का हे नाही. ६५ ते ७५ वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषानं पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी असा सल्ला आहे. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर तिथे फुगा धरलाय, आणि तो न सांगता फुटतो. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये होणारी साधी तपासणी आहे. ओढत असतील तर त्यांना आधी घेऊन जा. सोबत घोट्याचा दाबही मोजून घ्या, आणि चालताना ते मध्येच कुठे थांबतात का, हे त्यांना न सांगता एकदा त्यांच्याबरोबर चालून बघा.